तळघरातील बंब आणि शहराचा श्वास



थंडी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शेकोटी येते, नाही तर पहाटे पेटवलेला पाण्याचा बंब येतो. अंगावर एक घोंगडी जास्त ओढली की आपला थंडीचा प्रश्न बहुतेक सुटतो. परंतु जगात अशी कितीतरी शहरे आहेत, की जेथे घरच तापवावे लागते. ते न तापवले तर म्हातारीकोतारी माणसे दगावतात आणि नळातले पाणी गोठून नळ फुटतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क हे असेच एक शहर. आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे, भाचे-पुतणे त्या परिसरात नोकरीधंद्यासाठी राहत असल्यामुळे त्याचे नाव आता आपल्याला परके राहिलेले नाही.

तेथे घरात ऊब असणे ही घरमालकाच्या मर्जीची गोष्ट नाही. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेरचे तपमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, की खोलीत किमान ६८ अंश, म्हणजे सेल्सियसच्या मापाने २० अंश, ऊब मालकाने दिलीच पाहिजे. रात्री किमान ६२ अंश. तसा कायदाच आहे, आणि कायदा चांगला आहे. परंतु ही ऊब कशापासून तयार करावी याबद्दल मालकाला कितीतरी वर्षे बरीच मोकळीक होती. त्या मोकळिकीचा धूर साऱ्या शहराच्या छातीत कसा जात होता, आणि तो थांबवण्यासाठी शहराने काय केले, हा आजचा विषय आहे. विषय परदेशातला आहे खरा, पण त्यातला माणसाचा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे.

तेलाची बेरी

प्रथम हे तेल म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरी लोणी कढवतात तेव्हा शुद्ध तूप वर येते आणि भांड्याच्या बुडाशी बेरी राहते. खनिज तेलाचेही काहीसे असेच होते. जमिनीतून काढलेले कच्चे तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात तापवतात. त्यातले हलके भाग आधी वाफ होऊन निघतात. गॅस निघतो, पेट्रोल निघते, रॉकेल निघते, डिझेल निघते. शेवटी जे वर उठतच नाही ते बुडाशी उरते. काळे, दाट, डांबराच्या जातीचे. आपली बेरी निदान साखर घालून पोरांच्या हातावर ठेवता येते. या बेरीला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे मोठी भट्टी.

अमेरिकेत जळणाच्या तेलांना नंबर दिलेले आहेत. २ नंबरचे तेल डिझेलसारखे पातळ आणि त्यातल्या त्यात स्वच्छ. ६ नंबरचे म्हणजे ही बुडाची बेरी. ४ नंबरचे म्हणजे या दोहोंचे मिश्रण. आपल्याकडे ‘दोन नंबरचा माल’ म्हटले की भुवया उंचावतात. येथे मात्र दोन नंबरचाच माल सभ्य आहे, हे श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावे.

६ नंबरचे तेल थंडीत वाहत नाही. टाकीतच त्याला आधी तापवावे लागते, तेव्हा कुठे ते नळीतून बॉयलरपर्यंत जाते. ज्या जळणाला पेटवण्यापूर्वी ऊब द्यावी लागते, ते लोक ऊब मिळवण्यासाठी का घेत होते? उत्तर सोपे आहे. ते स्वस्त होते. कोळसा मागे पडू लागला तेव्हा मोठमोठ्या इमारतींनी आपल्या तळघरांतील बॉयलर या तेलावर आणले, आणि एकदा बसलेली यंत्रसामग्री तीस-चाळीस वर्षे हलत नाही.

आता हे तेल इतके वाईट का, तेही समजून घेऊ. कच्च्या तेलात गंधक असते, निकेल आणि व्हॅनेडियम यांसारख्या धातूंचे अंश असतात. हलके भाग उडून गेले की ही सारी घाण बुडाच्या गाळात एकवटते. तो गाळ जाळला की गंधकाचा झोंबरा वायू होतो, धातूंचे कण हवेत जातात आणि काजळी धरते. कंदिलाची वात जरा जास्त वर सारली, की काच कशी काळी होते, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. दाट तेल नीट जळत नाही, त्यामुळे या बॉयलरचे धुराडे म्हणजे वात वर सारलेला कंदीलच.

यातली डोळ्यांना दिसणारी काजळी खिडकीच्या चौकटीवर बसते, आणि ती फडक्याने पुसता येते. खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असे हे कण असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक. नाकातले केस, घशातला ओलावा यांना ते जुमानत नाहीत. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तेथे दाह निर्माण करतात. त्याने दमा चेतवला जातो, हृदयविकार बळावतो. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०११ मध्ये असा अंदाज मांडला, की या बारीक कणांमुळे त्या शहरात दर वर्षी ३,००० हून अधिक मृत्यू होतात आणि दम्याने सुमारे ६,००० वेळा रुग्णाला तातडीच्या उपचारासाठी धावावे लागते. हे कण अर्थात सगळे बॉयलरचेच नव्हते. मोटारींचे होते, वीजकेंद्रांचे होते, वाऱ्याबरोबर दुसऱ्या राज्यांतून आलेलेही होते. तेव्हा प्रश्न असा आला, की यांपैकी कोणाला आधी हात घालावा?

शंभरांतील एक

या प्रश्नाचे उत्तर तर्काने मिळत नाही, मोजून मिळते. २००८ च्या डिसेंबरात शहराने हवा मोजण्याचे एक मोठे काम हाती घेतले. रस्त्यांवरच्या खांबांना, माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, छोटी उपकरणे बांधली. अशी सुमारे १५० ठिकाणे निवडली. काही गर्दीची, काही निवांत, काही बागांतली. ऋतू बदलला की पुन्हा मोजायचे, असा क्रम ठेवला.

पहिल्याच हिवाळ्याच्या मोजणीने एक गोष्ट उघडी केली. जेथे ४ आणि ६ नंबरचे तेल जाळणाऱ्या इमारती दाटीने होत्या, तेथेच बारीक कण, गंधकाचा वायू आणि निकेल यांचे प्रमाण चढलेले होते. निकेल हा येथे चोराच्या पावलाच्या ठशासारखा उपयोगी पडला. तो मोटारीच्या पेट्रोलमधून येत नाही, गाळाच्या तेलातून येतो. हवेत निकेल सापडले, की चोर कोणत्या वाटेने आला हे कळते.

आणि हा चोर किती मोठा होता? शहरातल्या सुमारे दहा लाख इमारतींपैकी ही तेले जाळणाऱ्या इमारती होत्या साधारण १०,०००. म्हणजे शंभरांत एक. परंतु या एकीतून निघणारी काजळी शहरातल्या सगळ्या मोटारी आणि मालट्रक यांच्या काजळीपेक्षा जास्त होती! लोक रस्त्यावरच्या मोटारींना बोल लावत होते, आणि धूर निघत होता तो त्यांच्याच माथ्यावरच्या गच्चीतून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

या इमारती गिरण्या-कारखान्यांच्या नव्हत्या. त्यांत सेंट्रल पार्कच्या भोवतालची श्रीमंतांची सदने होती, ब्राँक्समधल्या भाडेकरूंच्या जुन्या चाळवजा इमारती होत्या, आणि मुलांच्या शाळासुद्धा होत्या. धूर श्रीमंत-गरीब पाहत नाही असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. धूर पाहत नाही, पण धुराने आजारी पडल्यावर डॉक्टरकडे कोण लवकर पोहोचतो आणि कोण उशिरा, हे पैसा पाहतो. ब्राँक्समध्ये दम्याने बेजार झालेल्या मुलांची संख्या आधीच मोठी होती.

येथे या प्रश्नाचे मर्म आहे, आणि ते अर्थशास्त्राचे आहे. स्वस्त तेल घेतल्याने जो पैसा वाचतो तो मालकाच्या खिशात राहतो. धूर मात्र धुराड्यातून बाहेर पडून शेजाऱ्यांत वाटला जातो. बचत एकाची आणि खोकला सर्वांचा. भाडेकरूला तर कोणते तेल जाळायचे हे ठरवण्याचा अधिकारही नाही. त्याला ऊब हवी असते, ती मिळते, आणि तिच्याबरोबर न मागितलेली काजळीही मिळते. जेथे नफ्याचा धनी एक आणि तोट्याचे धनी हजार असतात, तेथे ‘लोक शहाणे होतील तेव्हा आपोआप बदलेल’ हा भरवसा फोल ठरतो. तेथे नियम लागतो.

मुदत आणि मदत

नियम झाला तो २०११ च्या एप्रिलमध्ये. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये मोठा बॉयलर चालवायला शहराच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो, आणि त्याचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शहराने नवे खाते काढले नाही की नवे निरीक्षक नेमण्याचा थाट मांडला नाही. या जुन्या परवान्याच्याच दोरीला नवी गाठ मारली. नवा बॉयलर बसवायचा तर तो २ नंबरचे तेल, गॅस किंवा त्याहून स्वच्छ इंधन यांवरच चालला पाहिजे. जुन्या बॉयलरचे ६ नंबरचे तेल २०१५ च्या मध्यापर्यंत बंद झाले पाहिजे. ४ नंबरच्या तेलाला मात्र २०३० च्या आरंभापर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या बाजूने तेलच सुधारले. २०१० मधील शहराच्या एका कायद्याने ४ नंबरच्या तेलातील गंधक निम्म्यावर आणले. राज्याच्या कायद्याने २ नंबरच्या तेलातील गंधक १ जुलै २०१२ पासून दर दशलक्ष भागांत १५ भाग एवढेच ठेवले. म्हणजे एकीकडे बंबाची शिस्त आणि दुसरीकडे जळणाची शिस्त, अशी ही दुहेरी कात्री होती.

परंतु नुसत्या मुदतीने बॉयलर बदलत नाहीत. ६ नंबरवरून २ नंबरवर यायचे तर बर्नर बदलावा लागतो, टाकी खरवडून साफ करावी लागते. गॅसवर जायचे तर धुराड्याला आतून नवे अस्तर लावावे लागते, रस्त्याखालून गॅसची मोठी नळी आणावी लागते. एकट्या इमारतीला हा खर्च जड जातो. म्हणून २०१२ मध्ये शहराने मदतीची योजना काढली. तज्ज्ञ माणसे इमारतींच्या संचालकांकडे जाऊन हिशेब समजावून देत, बँकांकडून कर्जाची सोय करून देत, आणि एका गल्लीतल्या इमारतींनी एकदम मागणी केली तर नळीचा खर्च कसा वाटला जातो हे दाखवीत. त्या सुमारास अमेरिकेत गॅस स्वस्त झाला होता, त्याचाही मोठा हातभार लागला. काजळीने बॉयलरच्या नळ्या भरत नाहीत, वारंवार साफ कराव्या लागत नाहीत, हा लाभ तर पुढे दर वर्षीचा.

फळ काय मिळाले? ६ नंबरचे तेल जाळणाऱ्या म्हणून नोंदलेल्या सुमारे ५,३०० इमारती होत्या. त्या साऱ्यांनी ते सोडल्याचे शहराने २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. त्याआधीच, २०१३ मध्ये, शहराने हवेचा ताळेबंद मांडला होता. २००८ च्या मानाने गंधकाचा वायू ६९ टक्क्यांनी घटला होता, बारीक कण काही वर्षांत २३ टक्क्यांनी उतरले होते, आणि त्यामुळे वर्षाला सुमारे ८०० मृत्यू टळत असल्याचा अंदाज होता. हे सारे श्रेय एकट्या तेलबंदीचे नव्हे. वीजकेंद्रे सुधारली, मोटारी सुधारल्या, वाऱ्याच्या दिशेकडील राज्यांनीही धूर कमी केला. परंतु गंधकाच्या आकड्यात जी उतरण दिसते तीत तळघरातल्या या बदलाचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही.

चार नंबरची पळवाट

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की गोष्ट सुफळ संपूर्ण झाली. तसे नाही. २०११ च्या नियमात एक तडजोड होती, ती ४ नंबरच्या तेलाची. ६ नंबर सोडून ४ नंबर घ्यायला खर्च अगदी थोडा येतो, कारण ४ नंबरमध्ये ६ नंबरच मिसळलेले असते. तेव्हा काही मालकांनी घाईघाईने एवढेच केले आणि २०३० पर्यंत निश्चिंत झाले. दूध बंद करून चहा चालू ठेवणाऱ्या उपवासासारखा हा प्रकार झाला.

आणि मागे राहिले कोण? ज्यांच्याजवळ पैसा, वकील आणि चांगला इंजिनिअर होता, त्या इमारतींतील बहुतेक पुढे गेल्या. उरलेल्या धुराड्यांची दाटी उत्तर मॅनहॅटन आणि ब्राँक्स या भागांत जास्त राहिली. म्हणजे जेथील मुलांना दम्याचा त्रास अधिक, तेथेच ती तडजोड अधिक काळ धुमसत राहिली. तेथील नागरिकांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०२३ मध्ये शहराने कायदा करून इमारतींसाठी ४ नंबरच्या तेलाची मुदत २०३० वरून १ जुलै २०२७ वर आणली. अडीच वर्षे ही कागदावर लहान गोष्ट आहे. पहिलीत असलेल्या दमेकरी मुलाच्या दृष्टीने ते आणखी दोन-तीन हिवाळे आहेत.

दुसरा प्रश्न गॅसचा. गॅसने काजळी गेली, गंधक गेले, हे खरे. परंतु गॅस जळला की कर्बवायू होतोच, आणि नळीतून गळलेला गॅस वातावरणाला कर्बवायूहूनही कितीतरी अधिक तापवतो. म्हणून पुढचे पाऊल टाकावे लागले. २०१९ च्या कायद्याने २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींच्या कर्बवायूला मर्यादा घातली, ती २०२४ पासून लागू झाली. २०२१ च्या कायद्याने नव्या इमारतींत टप्प्याटप्प्याने जळणच बंद करण्याचे ठरवले.

मग ऊब कोठून यायची? त्यासाठी उष्णतेचा पंप आहे. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज हाच तो पंप, फक्त उलटा फिरवलेला. फ्रिज आतली उष्णता उपसून पाठीमागे टाकतो. म्हणूनच त्याची पाठ गरम लागते. हा पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून खोलीत आणून टाकतो. थंड हवेत कसली उष्णता, असे वाटेल. पण गोठलेल्या हवेतही उष्णतेचा अंश असतो, आणि विहीर आटत आली तरी मोट लावून पाणी काढता येते, तसे विजेच्या बळाने ती उपसता येते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण खात्याने खिडकीत बसणारे असे पंप बनवून घेतले, आणि क्वीन्समधील वुडसाइड हाउसेस या वसाहतीत २०२३ मध्ये ते बसवून पाहिले. ही वसाहत श्रीमंतांची नाही, हे विशेष.

आपल्या दाराशी

आता आपल्याकडे वळू. आपल्या घरांना असे बॉयलर नाहीत. परंतु ही बेरी आपल्या ओळखीची आहे. कारखान्यांत ती ‘फर्नेस ऑइल’ या नावाने जळते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान येथे उद्योगांतील तिच्या वापरावर बंदी घातली, ती दिल्लीची हवा श्वास घेण्याजोगी राहावी म्हणून. मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांत येणारी मोठी जहाजेही याच जातीच्या तेलावर चालत आली आहेत. त्यातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून जगभर साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण पावाचे आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर येण्याचा आदेश दिला. दिव्याखालचा अंधार येथेही तोच. थोड्या भट्ट्या, दाट वस्ती आणि पुष्कळ धूर. धूर थांबलाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु तिकडे तळघरातल्या बंबाला चार वर्षांची मुदत मिळाली, तज्ज्ञ मिळाला, कर्ज मिळाले. रात्रभर भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या बेकरीवाल्याला नुसती तारीख दिली, तर तो एक तर कोर्टात जाईल किंवा दुकानाला कुलूप लावील. आणि मुदत नुसती वाढवतच नेली, तर भट्टीच्या वरच्या माळ्यावर झोपणाऱ्या कामगाराचा आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या लेकराचा खोकला वाढतच जाईल.

न्यूयॉर्कच्या अनुभवातून यासाठी चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आधी मोजावे, म्हणजे भांडण अंदाजावर होत नाही. मग थोड्या हातांनी पुष्कळ धूर करणारे जे असतील त्यांना प्रथम गाठावे. तारीख द्यावी आणि तारखेबरोबर पैसा व जाणकार माणूसही द्यावा. आणि तडजोड करावी लागलीच, तर ती कोणाच्या श्वासाच्या खर्चाने होते आहे हे उघड बोलावे.

शेवटचे कलम सर्वांत अवघड आहे. ते खात्याच्या कागदावर उतरत नाही, ते नागरिकांनाच सांभाळावे लागते. आपल्या इमारतीत, आपल्या पेठेत, आपल्या कारखान्यात काय जळते आणि ते धुराड्यातून कोणाच्या खिडकीत जाते, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक श्वास घेणाऱ्याला आहे. न्यूयॉर्कच्या हवेतली ती काजळी हटली, कारण काही माणसांनी हा साधा प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिली.